सावत्र आईची सही

'सावत्र' हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने फारसा येतच नाही. ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची, रामाला वनात धाडणारी कैकेयी, हेच आपण लहानपणापासून ऐकलेलं. वडिलांच्या उतारवयात त्यांचं पथ्यपाणी, औषधं सांभाळणारी सावत्र आई काही गोष्टीत येत नाही.

हा विषय निघाला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. त्याच्या वडिलांनी हयातीतच ट्रस्ट केला होता. दुसऱ्या पत्नीने शेवटपर्यंत घरात राहावं, ठेवींचं व्याज तिला मिळावं आणि तिच्या माघारी सगळं मुलांना जावं. वडील गेले. आता विश्वस्त दोघे भाऊच. "बाई, विश्वस्त आम्हीच आहोत, मग ट्रस्ट बदलता येईल ना?"

तसा नाही येत. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचं कलम ११ सांगतं, की विश्वस्ताने न्यास करणाऱ्याच्या सूचना पाळायच्या. त्यात फेरफार करायचा तर करार करण्यास सक्षम अशा सर्व लाभार्थींची संमती हवी. म्हणजे आईची सही हवीच. मालमत्ता विश्वस्ताच्या नावावर असते, पण स्वतःसाठी नसते.

"सही काय, देईल ती," तो म्हणाला. मला भीती वाटते ती इथेच. ज्यांच्या आधाराने उरलेले दिवस काढायचे, त्यांनीच पुढे केलेल्या कागदाला म्हातारं माणूस नाही कसं म्हणणार? अशी सही म्हणजे संमती नव्हे. १८७२ च्या करार कायद्यानेही, दुसऱ्याच्या मनावर वर्चस्व असणाऱ्याने त्याचा गैरफायदा घेऊन करून घेतलेला करार सदोष मानला आहे.

बदल कधीच करू नये, असं माझं म्हणणं नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तिचे गुडघे दुखतात, तर तळमजल्यावर घर घ्यावंच. कसोटी एकच, बदलाने सोय तिची होते की आपली? आणि कागद समजावून सांगणारा वकील तिचा स्वतःचा असावा, मुलांचा नव्हे.

ट्रस्ट करणाऱ्या वडिलांनाही सांगणं आहे. मुलांबरोबर एखादा बाहेरचा विश्वस्त नेमा, आजारपणाच्या खर्चाची तरतूद स्पष्ट लिहा.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात 'पालक' या शब्दाच्या व्याख्येत सावत्र आईही आहे. कायद्याला जे कळलं, ते घराघरांतून कळायला किती वर्षं लागावीत?