फ्रिजच्या तळाशी उरलेली भाजी

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानाची चर्चा खूप होते, फ्रिजच्या तळाशी सुकत चाललेल्या गाजर-मुळ्याची होत नाही. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, ताटात टाकलेल्या अन्नापुरती नसते. न शिजताच सडलेली भाजीही त्यातच येते.

अशा भाजीला सिरका वाचवतो. हदीसमध्ये त्याची तारीफ आहेच. यंदाचा रमजान हळदीच्या काढणीत आला आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते पावडरीपुरते कशाला लक्षात ठेवायचे? साताऱ्या-सांगलीच्या घरांना ओल्या हळदीचे लोणचे नवे नाही. गाजर, मुळा, फ्लॉवर आणि ओल्या हळदीच्या चकत्या स्वच्छ काचेच्या बरणीत भराव्यात. वाटीभर सिरका, वाटीभर पाणी, चमचाभर मीठ उकळून, निववून वर ओतावे. भाजी बुडालेली हवी. दुसऱ्या दिवसापासून खाता येते. मात्र हे तेलातले वर्षाचे लोणचे नव्हे. बरणी फ्रिजमध्येच ठेवावी, दोन आठवड्यांत संपवावी. सहरीला टाळावे, मिठाने दिवसभर तहान लागते.

आणि मगरिबच्या आधी भजी तळणाऱ्या बाईवर हे आणखी एक काम लादू नये. तरावीहनंतर पुरुषांनी भाजी चिरावी; सुरी त्यांनाही धरता येते.