विश्लेषण : एसयूव्हीला ‘ऑल-टेरेन’ टायर बसवताना नक्षीपेक्षा आकडे का महत्त्वाचे?

टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत १५ हजार रुपये असलेल्या एका टायरमागे दीड हजार रुपये वाचतात. स्टेपनीसह पाच टायर बदलले तर साडेसात हजार. जड एसयूव्ही घेऊन घाटवाटा धुंडाळणाऱ्यांसाठी ही रक्कम लहान नाही. मात्र दुकानात नजर जाते ती खोल, रांगड्या नक्षीवर. गाडीचे वजन कोण पेलणार, हे टायरच्या कडेला छापलेले असते.

कडेवरचे आकडे काय सांगतात?

‘२६५/६० आर १८ ११० एच’ यात २६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० म्हणजे रुंदीच्या ६० टक्के उंचीची कड आणि १८ हा इंचांत रिमचा व्यास. ‘११०’ हा लोड इंडेक्स : एक टायर जास्तीत जास्त १,०६० किलो भार पेलतो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किमीची वेगमर्यादा. नवा टायर कोणताही घ्या, लोड इंडेक्स कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नको. खडकाळ वाटेवर गाडी तिरकी झाली की भार दोनच चाकांवर येतो, शिवाय टपावर सामान असतेच.

‘एलटी’ टायर जास्त मजबूत का?

‘एलटी’ म्हणजे लाइट ट्रक. यांची बांधणी जाड असते आणि लोड इंडेक्स ‘१२१/११८’ असा दुहेरी : पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. १२१ म्हणजे १,४५० किलो. पण गोम इथेच आहे. ‘ई’ श्रेणीच्या टायरमध्ये ही क्षमता साधारण ८० पीएसआय हवेला मिळते. जुन्या सवयीने ३२-३५ पीएसआय हवा भरली, तर ती बरीच घटते. त्यामुळे हवेचा दाब टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यावरूनच ठरवावा लागतो.

सह्याद्रीच्या धारदार काळ्या दगडांत बहुतेकदा कड फाटते. तळाचे भोक पंक्चरवाला बुजवतो. फाटलेल्या कडेची सुरक्षित दुरुस्ती होत नाही. २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या कारला स्टेपनीची सक्ती नाही. डोंगरात ते किट फाटलेल्या कडेपुढे निरुपयोगी. तिथे त्याच मापाची पाचवी चाकजोडणी हवीच.

तोटे कोणते?

आवाज वाढतो, मायलेज घटते, ओल्या डांबरी रस्त्यावर ब्रेकिंगचे अंतर वाढू शकते. वर्षभरात दोनदाच कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने हा सौदा का करावा, हा प्रश्नच आहे. मोठ्या मापाचा मोहही महागात पडतो. २६५/६० ऐवजी २६५/६५ बसवला तर घेर सुमारे साडेतीन टक्के वाढतो. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०३ च्या पुढे असते.

घेण्यापूर्वी आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचा चार आकडी शिक्का पाहावा. ‘१४२५’ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. भरघोस सवलतीत मिळणारा जुना साठा याच चार आकड्यांवरून ओळखता येतो.