वीतभर तारेचा हिशेब

माझ्या नोकरीच्या कागदांत एक माकड आहे. खरे तर वानर. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे. पण वरच्या कार्यालयाला पाठवलेल्या टिपणात मी ‘माकड’ असेच लिहिले होते. तिथल्या साहेबांनी त्या शब्दाखाली लाल शाईने दोन रेघा ओढून समासात एक मोठे प्रश्नचिन्ह काढले आणि टिपण परत पाठवले.

१९८९ चा फेब्रुवारी. बीड जिल्ह्यातल्या एका शाखेत मी शेतीची कर्जे पाहत होतो. वय तिशीच्या आत, बुडाखाली बँकेची मोटारसायकल आणि डोक्यात वसुलीचे आकडे. शाखेपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावात ओढ्याच्या काठाने विहिरी होत्या. त्यांतल्या नऊ विहिरींवरच्या मोटारी आमच्या कर्जाने बसलेल्या आणि त्या सगळ्यांना वीज देणारी डीपी एकच. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, विहिरी भरलेल्या, गहू ओंबीवर येऊन दाण्यात चीक धरू लागलेला. अशात एके दिवशी सकाळी वानरांची टोळी लिंबाच्या झाडावरून डीपीवर उतरली. एकाने टाकीवर पाय टेकले आणि तोल सावरायला वरची तार धरली. बार उडाल्यासारखा आवाज झाला. वानर मेले आणि डीपी जळाली.

नवी डीपी यायला बावीस दिवस लागले. मधल्या काळात गाव काही स्वस्थ बसले नव्हते. वानर म्हणजे मारुतीचे रूप. गावाने भजनाच्या गजरात त्याची अंत्ययात्रा काढली. दहाव्याला पाच-सहा पोरांनी मुंडण केले, तेराव्याला पंगत बसली आणि उरलेल्या वर्गणीतून डीपीपासून दहा पावलांवर मारुतीचे कमरेएवढे देऊळ उभे राहिले. त्या पंगतीला मीही जेवलो आहे. शेजारच्या पत्रावळीवर आमचा एक कर्जदार बसला होता. लापशीचा घास हातात तसाच धरून तो म्हणाला, “सायेब, तीन पाळ्या झाल्या व्हत्या. दोनच ऱ्हायल्या व्हत्या.”

त्या दोन पाळ्या हुकल्या आणि दाणा भरलाच नाही. तेव्हा बँकेचा नियम असा होता, की नैसर्गिक आपत्तीत पीक बुडाले तर पीककर्जाची मुदत वाढवून त्याचे रूपांतर करता येई. पण त्यासाठी गावाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत असावी लागे. या गावची आणेवारी उत्तम होती! गावाचा हंगाम चांगला आला होता, बुडाला होता तो फक्त एका डीपीखालचा गहू. अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, टोळधाड या यादीत माकड कुठेच बसेना. लाल प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच होता. नऊच्या नऊ खाती थकबाकीत गेली.

नवी डीपी आली तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. टाकीला ताजा रंग, आत ताजे तेल. वरच्या तिन्ही तारा मात्र पहिल्यासारख्याच उघड्या होत्या. ते तेव्हा माझ्या ध्यानात आले, असा आव मी आणणार नाही. मोटारी चालू झाल्या एवढे पाहिले आणि परत फिरलो. उघड्या तारांकडे माझे लक्ष गेले ते निवृत्तीनंतर, घराच्या गॅलरीसमोरच्या डीपीवर एका पावसाळ्यात तीन कावळे मेले तेव्हा. दर वेळी तोच आवाज, तोच अंधार आणि नंतर तासभर कावळ्यांची शोकसभा. मग वायरमनशी ओळख वाढवली, काही वाचले. बँकेतल्या माणसाला हिशेब लागला नाही की झोप लागत नाही.

घरातल्या मुलांना एकदा कुंपणाबाहेर उभे करून डीपी दाखवावी. दोन खांबांच्या मध्ये आडव्या लोखंडावर ठेवलेली ती करडी टाकी. आत तेलात बुडवलेली तारेची वेटोळी. ११,००० व्होल्टची वीज वरून आत शिरते आणि ४३३ व्होल्टची होऊन बाहेर पडते. त्यातूनच पुढे आपल्या घरातले दिवे लागतात. टाकीच्या माथ्यावर चिनी मातीचे तीन खुंट दिसतात, एकावर एक छत्र्या रचल्यासारखे. त्यांना बुशिंग म्हणतात. छत्र्या शोभेच्या नाहीत. पावसात वरची बाजू भिजली तरी प्रत्येक छत्रीखालचा भाग कोरडा राहावा आणि विजेला टोकापासून टाकीपर्यंत सरपटत यायचे झालेच तर वाट लांबची पडावी, म्हणून ती रचना. खुंटाच्या टोकाला धातूचा दांडा आणि त्याला वरच्या लाइनीतून आलेली तार. वायरमन तिला जंपर म्हणतात. हा जंपर बहुतेक ठिकाणी उघडाच असतो. माणसाचा हात तिथवर पोचत नाही, भोवतालची हवा हेच त्याचे वेष्टण. माणसापुरता हा हिशेब बरोबर आहे.

पण टोक आणि टाकी यांच्यात अंतर वीत-दीड वीत, दोन टोकांमध्ये फार तर फूटभर. आणि टाकी जमिनीला जोडलेली. एकाच तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, हे आपण शाळेत शिकलो. त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. तोच कावळा टाकीवर बसून तारेला चोच लावतो तेव्हा त्याच्या देहातून वाट मिळते. पिसे कोरडी असली तर ती बरीच आडकाठी करतात, भिजली की नाही. खारीची लांबीही पुरते. मोठ्या वटवाघळाचे पंख चार फुटांपर्यंत पसरतात, त्याला दोन तारा एकदम गाठायला कष्ट पडत नाहीत. पक्ष्यांच्या अंड्यांसाठी धामण खांब चढते. शहरातले कावळे तर घरट्यासाठी तारेचेच तुकडे आणतात.

जनावर जळून खाली पडले तरी प्रकरण संपत नाही. एकदा ठिणगी पेटली की तापलेली हवाच विजेला रस्ता देते आणि वरचा फ्यूज वितळेपर्यंत तो जाळ चालू राहतो. फ्यूजची तार योग्य जाडीची असेल तर नुकसान तेवढ्यावर निभावते. तिच्या जागी हाताला लागेल ती जाड तार गुंडाळलेली असेल, तर फ्यूज शाबूत राहतो आणि आतली वेटोळी जळतात. अशी तार कुठे कुठे गुंडाळलेली असते, हे खेड्यातल्या वाचकांना मी सांगायला नको.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे आहे असे समजू नका. अमेरिकेत ‘नॅस्डॅक’ नावाचा मोठा शेअरबाजार आहे. १९८७ च्या डिसेंबरात कनेक्टिकट राज्यातल्या त्याच्या संगणक केंद्राची वीज एका खारीने घालवली आणि बाजार ८२ मिनिटे बंद पडला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका खारीने तोच पराक्रम केला. ७ जून २०१६ रोजी केनियातल्या गितारू वीजकेंद्रात एक माकड ट्रान्सफॉर्मरवर पडले आणि सबंध देश अंधारात गेला. माकड वाचले, हे विशेष. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेचे ते अगडबंब यंत्र मुंगसाएवढ्या एका प्राण्याने ६६,००० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर जीव देऊन थांबवले. आणि ९ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी श्रीलंका अंधारात बुडाली, तेव्हा कोलंबोच्या दक्षिणेकडच्या पाणदुरा उपकेंद्रातल्या माकडाचे नाव तिथल्या वीजमंत्र्यांनीच घेतले. हे वाचताना माझ्या टिपणातल्या त्या प्रश्नचिन्हाची फार आठवण झाली.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो गरुडांमुळे. १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत विजेच्या खांबांखाली सोनेरी गरुड मरून पडलेले सापडू लागले. आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावी मॉर्लन नेल्सन नावाचा एक ससाणे-गरुड पाळणारा गृहस्थ होता. तिथल्या वीज कंपनीने त्याची मदत घेतली. त्याने वीज नसलेले नकली खांब उभे केले, आपले शिकवलेले गरुड त्यांवर उतरवले आणि पंख कुठे कुठे टेकतात याचे चित्रीकरण केले. १९७५ मध्ये वीज कंपन्यांसाठी शिफारशी छापल्या गेल्या, त्यांच्या मुळाशी हे काम होते. सार सोपे: दोन तारांमध्ये ६० इंच अंतर ठेवा आणि जमत नसेल तिथे तार झाका. जर्मनीने तर २००२ मध्ये कायदाच करून धोक्याचे जुने खांब सुधारायला २०१२ अखेरपर्यंतची मुदत दिली.

डीपीवर ६० इंच अंतर मिळणे अशक्य. तेव्हा उरते झाकणे. त्यासाठी लागते काय? तीन खुंटांच्या माथ्यांवर तीन टोप्या आणि वरच्या लाइनीपर्यंतच्या जंपरवर नळी. गरम केल्यावर आकसून तारेला घट्ट बसणारी नळी मिळते, उभी चीर देऊन चढवायची मिळते, किंवा मुळातच वेष्टणाची तार वापरता येते. वाटेत वीजरोधक, म्हणजे आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणारे उपकरण असते. त्याचेही डोके झाकावे लागते. मध्ये चार बोटे तार उघडी राहिली तर खार नेमकी तिथेच पाय देते, असे आमचा वायरमन सांगतो.

यातही खरे-खोटे आहे. मी स्वतः डीपीवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली पाहिली आहे, पाण्याच्या पाइपचे तुकडे अडकवलेले पाहिले आहेत. साधे प्लॅस्टिक उन्हाळे सोसत नाही, तडकते. तडीत धूळ आणि ओल साचते, पृष्ठभागावर काजळीची बारीक वाट तयार होते आणि ज्याने वीज अडवायची तेच तिला रस्ता देऊ लागते. उन्हाला आणि या काजळीला दाद न देणारे सिलिकॉन रबर किंवा तशाच कामाचे खास प्लॅस्टिकच हवे. दुसरे असे, की उघड्या तारेचा ढिला पडलेला सांधा तापून काळा पडला तर खालून दिसतो. टोपीखाली तो कुणाला दिसत नाही. म्हणून टोपी बसवण्याआधी सांधा आवळायचा आणि देखभालीच्या वेळी ती काढून पाहायची. ‘एकदा बसवली, सुटलो’ अशी ही वस्तू नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ही नळी जनावराच्या क्षणभराच्या स्पर्शापुरती आहे, माणसासाठी नाही. जमिनीखालच्या केबलला आत जमिनीला जोडलेले धातूचे कवच असते, ते हिला नसते. झाकलेली तार उघडी समजूनच वागायचे. आमच्या वायरमनने मला पहिल्या दिवशी बजावले, “काका, टोपी घातली म्हणून ती गरीब झाली असं समजू नका.”

माणसाचा जीव यात येतो तो वेगळ्या वाटेने. शेतीची वीज वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीत आली. संध्याकाळी कावळ्याने डीपीवर जीव दिला, फ्यूज उडाला आणि पाण्याची पाळी रात्री अकराची. वायरमन एक, गावे पाच. मग कुणीतरी बॅटरी तोंडात धरून वर चढतो. देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा अलीकडच्या वर्षांत बारा हजारांच्या पुढे आहे. त्यात असे किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मला एकच ठाऊक आहे. १९९१ मध्ये त्याच ओढ्याकाठी, त्याच डीपीवर, पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या त्या कर्जदाराचा धाकटा भाऊ चढला. खालचा दांडा ओढून लाइन तोडली होती. स्विचची दोन पाती उघडली, तिसरे चिकटून राहिले होते. अंधारात ते दिसले नाही. भावाच्या कर्जाला तो जामीनदार होता. त्याच्या नावापुढे ‘मयत’ असे मीच लिहिले आणि नवा जामीनदार आणायला सांगणारे पत्रही माझ्याच सहीने गेले.

हिशेबाच्या वहीत टोपीची किंमत लगेच दिसते. न जळलेली डीपी, न हुकलेली पाळी, न उडालेला फ्यूज यांना लेखाशीर्ष नसते. ते मी बँकेत पस्तीस वर्षे पाहिले, त्यामुळे कुणा एकाकडे बोट दाखवायला मला संकोच वाटतो. माझ्या वहीतही ते नव्हतेच. पण जळालेला ट्रान्सफॉर्मर उतरवणे, नेणे, भरून आणणे, पुन्हा चढवणे हा खर्च तरी कुठल्यातरी वहीत नक्की असतो. त्याच्या शेजारी तीन टोप्यांचे बिल ठेवून कुणी पाहावे, एवढेच माझे मागणे आहे. निदान जिथे झाडे डीपीला टेकली आहेत, जिथे वानरे आहेत, जिथे वर्षात दोनदा आवाज झाला आहे, तिथून तरी सुरुवात करावी.

गेल्या माघात एका लग्नाच्या निमित्ताने त्या गावी गेलो. तो कर्जदार आता नाही. त्याच्या मुलाने मला ओळखले आणि शेतावर नेले. मारुतीच्या देवळाला फरशी बसली आहे, लिंब दुप्पट झाला आहे. डीपीवर पाहतो तो दोन खुंटांवर तांबूस टोप्या आणि जंपरवर नळ्या. तिसरा खुंट उघडा.

“तिसरी कुठंय?” मी विचारले.

“घरी हाय की, काका.”

घरी गेल्यावर त्याने खिडकीतून ती काढून आणली. वजनाला काहीच नाही, पोरांच्या डब्याच्या झाकणाएवढी. बसवायला आलेल्या वायरमनची लाइन बंद ठेवायची वेळ संपत आली म्हणून तिसरी राहिली; पुढच्या खेपेला बसवतो, सांभाळून ठेव, असे तो सांगून गेला होता.

“कधी?”

“दिवाळीच्या आधी.”

सुनेने चहा आणला. ती टोपी मी खिडकीत परत ठेवली. बाहेर गहू ओंबीवर आला होता आणि अजून दोन पाळ्या बाकी होत्या.