गाडी गेल्यावर



मोहल्ल्यात तपासणीची गाडी आली की मुले धावतात, बायका दाराआडून बघतात. गेल्या वर्षी गल्लीतल्या एका खालांना मी हात धरून नेले. उपाशीपोटी साखर 210 निघाली. गोळ्या आणि चिठ्ठी मिळाली. गोळ्या संपल्या, खालांना बरे वाटू लागले, चिठ्ठी डब्यात गेली. परवा पायाची जखम भरेना, तेव्हा ती बाहेर निघाली. मधल्या काळात मीही विचारपूस केली नव्हती.

आपल्या जिल्ह्यात लोणीला 1984 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज ते प्रवरा अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. अशा विद्यापीठांचे डॉक्टर आणि विद्यार्थी दवाखाना नसलेल्या वस्त्यांपर्यंत येतात, ही मोठी सोय आहे. पण गाडी काही तास थांबते. साखर आणि बीपी मात्र जन्मभर सोबत राहतात.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केले. गावोगाव फिरताना त्यांना कळले की, डॉक्टर गेल्यानंतरही गावात कोणीतरी हवे. म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्याच घरोघरी जाऊन चौकशी करू लागल्या.

हे आपल्याला नवे नाही. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत झाली. तो तंबू मस्जिद-ए-नबवीजवळ होता. प्रेषित (सल्ल.) स्वतः तिथे जाऊन विचारपूस करीत.

मग आपण काय करावे? प्रत्येक गल्लीत एका भगिनीने वही ठेवावी. आठवी-नववीतली मुलगीही ती लिहू शकेल. नाव, तारीख, साखर, बीपी, गोळ्या कधी संपणार, एवढेच. ज्याची त्याची माहिती मात्र अमानत समजावी. साखर उपाशीपोटी 126 किंवा जास्त, बीपी 140/90 किंवा जास्त निघाले, तर गाडीची वाट न पाहता आशाताईंना विचारून सरकारी आरोग्य केंद्रात जावे. तिशीनंतर ही तपासणी तिथे मोफत होते. गोळ्या मनाने बंद करू नयेत. रमजानपूर्वी रोजे आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचाराव्यात.

आमच्या गल्लीची वही मी सुरू केली आहे. पहिले नाव खालांचे आहे. त्यांच्या शिफासाठी दुआ करा.