कॅमेऱ्याचं घड्याळ

आमच्या सोसायटीत आठ कॅमेरे आहेत. गेटवर दोन, पार्किंगमध्ये तीन, दोन्ही विंगच्या लॉबीत एकेक आणि एक गच्चीत, पाण्याच्या टाकीजवळ. (टाकीत कोण काय चोरणार हे मला अजून कळलेलं नाही, पण ठरावात आठ लिहिले होते म्हणून आठ बसले.) गेटवर पाटी पण आहे, 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात'. पाटी लावली की काम झालं, अशी आपली एकूण समजूत.

तर झालं असं, की पार्किंगमधून एक सायकल गेली. चांगली गिअरची, बी विंगमधल्या एका मुलाची. लगेच सेक्रेटरी काकांच्या घरी चारपाच जण जमलो. मी होतोच. प्लेबॅक लावलं. स्क्रीनवर ८ वाजून २५ मिनिटांनी हेल्मेट घातलेला एक जण सायकल घेऊन आरामात गेटबाहेर पडताना दिसला. आणि वॉचमनची केबिन रिकामी!

रात्रपाळी ८ ला सुरू होते. म्हणजे ८.२५ ला केबिनमध्ये रात्रीचे मामा असायला हवेत. त्यांची ८ ची सही रजिस्टरमध्ये होती. मामा म्हणाले, "साहेब, मी इथंच होतो. आल्यापासनं हललो नाही." कुणीतरी म्हणालं, "मग हे काय कॅमेरा खोटं बोलतोय का?" त्यावर मामांकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही कुणाला पुढचा प्रश्न पडला नाही, मलाही नाही. एजन्सीला फोन गेला आणि दुसऱ्या दिवसापासून मामा बंद.

आठवड्याने पोलिसांना फुटेजची कॉपी हवी होती. "तू सॉफ्टवेअरवाला ना, जरा पेनड्राइव्हवर घेऊन दे," असं म्हणून काम माझ्याकडे आलं. (सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटरपासून गीझरपर्यंत सगळं यायलाच हवं, हा नियम आहे.) पुढचंमागचं थोडं जास्त घ्यावं म्हणून ९ पर्यंत बघत बसलो, तर ८.३१ ला गेटवर कॅबमधून मीच उतरताना दिसलो. आता त्या दिवशी घरी आल्या आल्या मी आठच्या बातम्या पहिल्यापासून बघितल्या होत्या, ते मला पक्कं आठवत होतं. कॅबची पावती काढली. ट्रिप संपल्याची वेळ ७.५३.

३८ मिनिटं. आमचा डीव्हीआर ३८ मिनिटं पुढे धावत होता!

म्हणजे सायकल गेली ती ८.२५ ला नाही, ७.४७ ला. तेव्हा मामांची ड्यूटी सुरूच झाली नव्हती. ड्यूटीवर होता दिवसपाळीचा पोरगा. आणि तो केबिनमध्ये का नव्हता? तर त्याला आम्हीच गच्चीत टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायला पाठवलं होतं. रोज पाठवतो. गच्चीतल्या त्या बिनकामाच्या कॅमेऱ्यात तो व्हॉल्व्हशी झटापट करताना दिसला. आयुष्यात पहिल्यांदा तो कॅमेरा उपयोगी पडला.

आता ३८ मिनिटं आली कुठून? यात गूढ काही नाही. डीव्हीआरच्या आतलं घड्याळ साधं क्वार्ट्झ क्रिस्टलचं असतं. रोज तीनेक सेकंद पुढे गेलं तरी दोन वर्षांत छत्तीस-सदतीस मिनिटं होतात. मशीन बसवून आम्हाला दोन वर्षं होऊन गेली होती. इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय, म्हणजे एनटीपी, त्यात होती. पण मध्यंतरी राऊटर दुसऱ्या खोलीत हलवला आणि डीव्हीआरची वायर परत जोडायची राहून गेली. लाईव्ह चित्र टीव्हीवर दिसत होतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं सगळेच धरून चाललो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की न तपासलेला कॅमेरा हा कॅमेरा नसण्यापेक्षा वाईट. कॅमेरा नसता तर आम्ही दोघा वॉचमनना विचारलं असतं, वेळा जुळवून बघितल्या असत्या, थोडं डोकं चालवलं असतं. कॅमेरा होता म्हणून माणसाचं ऐकायचं बंद केलं. साक्षीदाराची उलटतपासणी करतात, मग मशीनची का नको?

कोर्टात हा प्रश्न येतोच. आपल्या जालन्याचंच उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत आले की नंतर, यावरून वाद झाला आणि तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ती निवडणूक रद्द ठरवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या 'खोतकर विरुद्ध गोरंट्याल' निकालात न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी द्यायची असेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. त्याच्या नमुन्यात आता फाईलची हॅश व्हॅल्यूसुद्धा लिहावी लागते. म्हणजे मोबाईलने टीव्हीच्या स्क्रीनचं शूटिंग करून ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ कामाचा नाही. डीव्हीआरमधून रीतसर एक्स्पोर्ट करा आणि हार्डडिस्क जपून ठेवा.

असो. या प्रकरणानंतर मी दोनतीन रविवार घालवून आमची सिस्टीम नीट केली. त्यात जे कळलं ते इथे देतो, तुमच्या सोसायटीत कुणाला उपयोग झाला तर बरंच.

१. घड्याळ. महिन्यातून एकदा डीव्हीआरची वेळ मोबाईलशी ताडून बघा. एनटीपी चालू करा आणि टाईमझोन बघायला विसरू नका. काही मशीन चीनच्या वेळेवर सेट होऊन येतात, म्हणजे आपल्यापुढे अडीच तास. बंद करून चालू केल्यावर तारीख थेट २००० किंवा १९७० ला जात असेल, तर आतला बटणसेल संपलाय. आणि महत्त्वाचं, घटना घडल्यावर वेळ चुकीची आहे असं लक्षात आलं तर आधी दुरुस्त करू नका! डीव्हीआरचा स्क्रीन आणि अचूक वेळ दाखवणारा मोबाईल शेजारी धरून फोटो काढा, फरक लिहून ठेवा, फुटेज काढून घ्या, आणि मगच घड्याळाला हात लावा. नाहीतर फरक किती होता हे सांगणारा पुरावा तुम्हीच पुसलात.

२. लाईव्ह नाही, प्लेबॅक बघा. चित्र दिसतंय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं नाही. हार्डडिस्क मेलेली असली तरी लाईव्ह छान दिसतं. सर्वात जुनं रेकॉर्डिंग कुठल्या तारखेचं आहे ते उघडून बघा.

३. दिवसांचा हिशोब. एजन्सीवाला "महिनाभराचं राहतं" म्हणतो. आपण गुणाकार करावा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये साधारण २ एमबीपीएस धरला, तर दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे झाले सुमारे १७३ जीबी. २ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवं चढत जातं. महिना हवा असेल तर ६ टीबी लागेल. आणि डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या. पीसीची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

४. चेहरा दिसतो का? आमच्या चोराने हेल्मेट काढलं असतं तरी तो ओळखू आला नसता. माणूस नक्की ओळखायचा तर चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल हवेत, असा दंडक आहे. २ मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीचं दृश्य. २.८ मिमीच्या लेन्सने तेवढी रुंदी तीन मीटरवरच भरते. त्यापलीकडे नुसता 'एक इसम' दिसतो. गेटवर ६ मिमीची लेन्स घेतली तर तेच अंतर आठ मीटरपर्यंत जातं. रुंद दृश्याला एक कॅमेरा आणि चेहऱ्यासाठी, शक्यतो डोक्याच्या थोडंसंच वर, दुसरा. दहा फुटांवरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला फक्त टक्कल दिसतं.

५. रात्री बंद पडणारा कॅमेरा. दिवसभर उत्तम आणि अंधार पडला की गायब, ही तक्रार फार ऐकू येते. अंधारात इन्फ्रारेडचे एलईडी लागतात, करंट जास्त ओढला जातो, आणि अडॅप्टर दमलेला किंवा वायर लांब आणि बारीक असेल तर १२ व्होल्टचे १० च पोचतात. कॅमेरा बदलण्याआधी रात्री मीटर लावून कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज मोजा. नेटवर्क केबल घेताना शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, आणि पीओईवर नंतर रडवते. केबलची एक धाव १०० मीटरच्या आत ठेवा.

६. पाऊस आणि कोळी. जूनमध्ये निम्मे कॅमेरे जातात ते उघड्या जोडांमुळे. जोड जंक्शन बॉक्समध्ये हवेत, आणि केबल बॉक्समध्ये शिरताना खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जातं. रात्री सगळं पांढरंफटक दिसत असेल तर लेन्ससमोर कोळ्याचं जाळं बघा. इन्फ्रारेड त्यावरून परत फिरतो. उपाय झाडू.

७. पासवर्ड. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने जगभरचे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. युक्ती काय, तर कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याच जोरावर 'डिन' या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीचं फुटेज यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरलं. त्या बायकांना तिथे कॅमेरा आहे हेही माहीत नसावं. तेव्हा पासवर्ड आजच बदला, राऊटरमध्ये डीव्हीआरसाठी पोर्ट उघडून ठेवू नका आणि ज्याने बसवला त्याच्याकडचा लॉगिन बंद करा. जिथे कॅमेरा नसायला हवा तिथे पासवर्ड कितीही भारी असला तरी तो नसायलाच हवा. लॉबीतला कॅमेरा कुणाच्या दारातून आत डोकावत असेल तर तो आधी वळवा.

हे सगळं करायला महिन्याला पंधरा मिनिटं लागतात. आम्ही आता पहिला रविवार ठरवलाय. रजिस्टरमध्ये तारीख, डीव्हीआरची वेळ, खरी वेळ, सर्वात जुनं रेकॉर्डिंग आणि तपासणाऱ्याची सही. वॉचमनकडून सही घेतो ना रोज? मग एकदा आपणही करावी.

"एवढं कोण करत बसणार, एएमसी दिलीय ना," असं आमच्याकडेही म्हणाले. एएमसीवाला येतो, लाईव्ह बघतो, चहा पितो आणि जातो. त्याचा दोष नाही, आपण त्याला दुसरं काही सांगितलेलंच नसतं. करारात 'घड्याळ आणि प्लेबॅक तपासणे' एवढी एक ओळ घालून घ्या, फरक पडेल.

आणि मामा? सेक्रेटरी काकांनी स्वतः फोन केला, झालं ते चुकलं म्हणाले, परत या म्हणाले. मीही बोललो. मामांना एजन्सीने तोवर वाघोलीच्या एका साइटवर टाकलं होतं. म्हणाले, "राहू द्या साहेब, इथं बरंय." मधल्या सहा दिवसांचा पगार बुडाला होता, तो आम्ही वर्गणी काढून पोचवला. तो त्यांनी घेतला, पण आले नाहीत.

सायकल अजून सापडलेली नाही.

तुमच्या सोसायटीत जमलं तर आजच जरा खाली जाऊन डीव्हीआरचं घड्याळ बघून या. बरोबर असेल तर उत्तमच. नसेल तर आधी फोटो काढा.