राखी सोडली, हक्कसोडपत्र कधी सोडणार?

श्रावण आला की आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. बौद्धाने राखी बांधायची की नाही? एकजण म्हणतो, हा ब्राह्मणी सण आहे. दुसरा म्हणतो, बहिणीच्या प्रेमात धर्म कशाला आणता? दोन दिवस पोस्ट फिरतात, दोघे-तिघे ग्रुप सोडून जातात आणि विषय पुढच्या श्रावणापर्यंत मिटतो.

वाद जरूर व्हावा. चिकित्सा ही आपली परंपराच आहे. पण आमचा प्रश्न दुसरा आहे. राखीच्या धाग्यावर रात्रभर वाद घालणारा आपला भीमसैनिक बहिणीच्या हक्कसोडपत्रावर गप्प का असतो?

आम्ही वस्त्यांमध्ये आणि गावांमध्ये काम करतो. वडील वारले की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, त्रिशरण-पंचशील होते, बाबासाहेबांच्या विचारांवर भाषणे होतात. पुढे काही दिवसांत भाऊ बहिणीला फोन करतो, "ताई, तलाठ्याकडे वारस नोंद करायची आहे, जरा येऊन सही करून जा." ताई येते, सही करते, जेवते आणि संध्याकाळच्या एसटीने सासरी परत जाते. त्या कागदात काय लिहिले होते हे तिला कोणी वाचून दाखवत नाही. तीही विचारत नाही. आपल्या घरातली ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे की त्यात अन्याय आहे हेच कोणाला दिसत नाही.

आता ही ताई कोण, ते आठवा. आई-बाप मजुरीला गेले की धाकट्याला कडेवर घेऊन वस्तीभर फिरणारी तीच. शाळेत धाकटा रडतो म्हणून त्याच्या वर्गाच्या दारात बसून राहणारी तीच. नळावर हंड्यांची रांग लावायची, भाकरी थापायची आणि मग दप्तर उचलायचे, हा तिचा दिवस. घरात पैसे कमी पडले तेव्हा कोणाची शाळा सुटली? बहुतेक घरांत तिचीच. आपल्यातल्या कितीतरी साहेबांच्या, प्राध्यापकांच्या आणि पीएसआयच्या पदवीमागे अशी एक सातवी-आठवीत शाळा सुटलेली ताई उभी आहे. बालपणाच्या आठवणी सांगताना आपण भावुक होतो, "ताईने आम्हाला आईसारखे वाढवले" असे स्टेजवरून सांगतो. मग आईसारखे वाढवणाऱ्या ताईचे नाव त्या घराच्या कागदावर का नाही?

बाबासाहेबांचे घरही असेच भावंडांच्या आधारावर उभे होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी साताऱ्याची आठवण लिहिली आहे. न्हावी अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावत नसे, म्हणून या भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे. जातीने घातलेला बहिष्कार त्या घरात बहिणीच्या हातांनी झेलला. पुढे मुंबईत भीमरावांना पुस्तके घेऊन द्यायला पैसे नसत, तेव्हा रामजी सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. दोन्ही मुलांचे शिक्षण झेपेना, तेव्हा थोरले आनंदराव शाळा सोडून कामाला लागले. आनंदरावांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद यांना बाबासाहेबांनी स्वतःच्या घरात सांभाळले. भावंडांचे ऋण फेडायचे असते आणि ते नुसत्या आठवणींनी फिटत नाही, हे त्यांनी करून दाखवले.

त्यांनी ते कायद्यातही आणले. हिंदू कोड बिलाच्या आधीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता, तो मुलाइतकाच करण्याची भूमिका बाबासाहेबांनी संसदेत मांडली. ते बिल रखडवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या मुख्य कारणांपैकी हे एक होते. बहिणीच्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचा फोटो भिंतीवर लावून त्याच भिंतीखाली आपण बहिणीची सही घेतो. याला काय म्हणायचे?

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू, कारण इथे आपल्या शिकलेल्या पोरांचाही गोंधळ असतो. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत त्यांची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांचा समान हिस्सा १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला जन्माने हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. राहत्या घरात मुलींना वाटप मागता येत नसे, ती आडकाठीही त्याच दुरुस्तीने गेली. वडील २००५ आधी वारले असतील तर काय, हा वाद उरला होता. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात दिला.

म्हणजे हक्क कायद्याने मिळाला आहे. तो परत घेतला जातो घरातून, चहा पिता पिता.

यावर आम्हाला चार उत्तरे नेहमी ऐकायला मिळतात.

पहिले, "आपल्याकडे वाटायला आहेच काय?" आहे. गावठाणातले घर आहे, घरकुल आहे, झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेली खोली आहे, वतनाची उरलेली दीड-दोन एकर आहे. महानगरपालिकेत झाडू मारून गेलेल्या बापाच्या जागी वारसाला मिळणारी नोकरी आहे. ती नोकरी मुलीलाही मिळू शकते, हा विचार किती घरांत होतो? आणि ही जमीन आली कुठून? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तेव्हा आपल्या आया-बाया कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या. तुरुंगात जाताना बाई चालते आणि सातबाऱ्यावर चालत नाही, हा कुठला न्याय?

दुसरे, "तिच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा." भावाचे लग्न फुकटात झाले होते का? मांडव, बँड, जेवण हा खर्च घराच्या प्रतिष्ठेसाठी झाला. त्यातली एक वीटही तिच्या नावावर नाही.

तिसरे, "ती मागतच नाही." कशी मागणार? मागितले तर माहेर तुटेल ही भीती तिला लहानपणापासून आहे. नवऱ्याने घराबाहेर काढले तर जायला तेवढे एकच दार आहे. ते दार उघडे राहावे म्हणून ती सही करते. भीतीपोटी केलेल्या सहीला आपण प्रेम म्हणतो.

चौथे, "याने भाऊ-बहिणीचे नाते बिघडेल." आम्ही उलट विचारतो. जे नाते एकाने सगळे सोडले तरच टिकते, ते आधीच बिघडलेले नाही का? १९१६ च्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात बाबासाहेबांनी जात टिकते ती स्त्रीवरच्या नियंत्रणाने, हे दाखवले होते. मुलगी परक्याचे धन, तिचा हिस्सा सासरी, ही मनूचीच शिकवण. मनुस्मृती चौकात जाळायची आणि तिचा वारसाहक्क घरात पाळायचा, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. आपल्या धम्मात सिगालोवाद सुत्त आहे. आई-वडिलांच्या पाच कर्तव्यांत लेकरांना योग्य वेळी वारसा सोपवणे हे त्यात सांगितले आहे. आजच्या बौद्ध घरात लेकरू म्हणजे फक्त मुलगा असू शकत नाही.

मग करायचे काय? वडील हयात असतानाच घरात हा विषय काढा, आणि तो भावाने काढा. वारस नोंदीत सगळ्या भावंडांची आणि आईची नावे द्या. बहिणींची नावे ‘इतर हक्क’ सदरात ढकलली तर लेखी हरकत घ्या. घर भावालाच ठेवायचे असेल तर जरूर ठेवा, पण बहिणीच्या हिश्श्याची किंमत ठरवा, हप्त्याने का होईना द्या आणि ते कागदावर आणा. बहिणीला स्वखुशीने काही सोडायचे असेल तर तो तिचा अधिकार आहे. फक्त कागद तिला आधी वाचायला द्या, घरी नेऊ द्या, दुसऱ्या कोणाला विचारू द्या. सही त्याच दिवशी घेऊ नका. प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एकदा कोणी जाणत्या वकिलाने दोन तास बसावे, एवढे तर आपली मंडळे नक्कीच करू शकतात. जयंतीच्या डीजेपेक्षा त्याला कमी खर्च येतो.

राखी बांधायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण रक्षणाची भाषा करणारा भाऊ आपल्याला नको असेल, तर बरोबरीचा हिस्सा देणारा भाऊ आपल्याला घडवावा लागेल. पुढच्या श्रावणात ग्रुपवर वाद सुरू झाला की एकच प्रश्न टाका, "भावा, तुझ्या घराच्या उताऱ्यावर ताईचे नाव आहे का?"

जय भीम!