किनाऱ्यावरची सूत्रं नवख्यांकडेही द्या

६ फेब्रुवारी १९३८. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर लागोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनी पोहणाऱ्यांना आत ओढलं. नेमकी पहाऱ्याची पाळी बदलत असल्याने जीवरक्षक क्लबचे बरेच स्वयंसेवक तिथेच होते. सुमारे अडीचशे जणांना त्यांनी बाहेर काढलं. पाच जण दगावले.

ऑस्ट्रेलियातल्या या क्लबांचे सदस्य आजही बिनपगारी पहारा देतात. पाच वर्षांची पोरं ‘निपर्स’ म्हणून दाखल होतात, पंधराव्या वर्षी ‘ब्राँझ मेडॅलियन’ हे जीवरक्षकाचं प्रमाणपत्र मिळवता येतं. खरी अडचण त्यापुढची. पट्टीचा पोहणारा चांगला पथकप्रमुख होतोच असं नाही. पोहण्याची हद्द दाखवणारे लाल-पिवळे झेंडे कुठे रोवायचे, पाण्यात कोणाला धाडायचं, हे वर्गात बसून जमत नाही. जुन्या कॅप्टनने शांत दिवशी तरी सूत्रं नवख्याकडे सोपवावीत आणि शेजारी गप्प उभं राहावं. (ज्येष्ठांना हे गप्प राहणंच जड जातं.)

बायकांना तर पहाऱ्यावरचं पूर्ण सदस्यत्व मिळायला १९८० उजाडलं. नुसती ज्येष्ठता पाहिली तर त्या मागेच पडणार. म्हणूनच पदं वाटताना क्लबांनी ज्येष्ठतेची यादी बाजूला ठेवावी. गेल्या हंगामात गडबडीच्या वेळी इतरांनी कोणाचं ऐकलं, हे आधी पाहावं.